प्रबंधाच्या चाळणीत उरलेला कोंडा

इचलकरंजीच्या एका तरुण चित्रकारानं विचारलंय: "चित्रकलेची पदव्युत्तर पदवी घेतली. वडील यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग जुळवणारे-दुरुस्त करणारे, आहेत आणि मला मागांवरच काम करायचंय. पीएच.डी. करावी असं मनात आहे, पण ओळखीचे सगळे सांगतात की प्रबंध हातात घेतलास की हात सुकतो. संशोधन आणि चित्र दोन्ही एकत्र चालतील असं काम उभं कसं करायचं?"

हात सुकतो हे खोटं नाही. माझाही सुकला होता, जवळजवळ तीन वर्षं. मी शिकले मुद्राचित्रण, म्हणजे प्लेट कोरून कागदावर तिचे छाप घेणं. प्रबंध लिहिला तो जात्यावरच्या ओव्यांवर, पुण्याच्या पश्चिमेला मुळशी-मावळच्या डोंगरांत फिरून. त्या तीन वर्षांत एकही प्लेट कोरली नाही, प्रेसवर चादर टाकून ठेवली होती. आज माझं जे काही काम आहे ते त्या प्रबंधामुळेच आहे. मात्र प्रबंधात जे छापलं गेलं त्यातून ते आलेलं नाही. प्रबंधातून जे गाळावं लागलं त्यातून आलं. तुम्हाला सांगण्यासारखं माझ्याकडे मुख्य एवढंच आहे, बाकीचं त्याच्या आजूबाजूचं.

ओव्यांवर काम करणाऱ्याला हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या कामापाशी थांबावंच लागतं. त्यांनी आणि गावोगावच्या त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्यांची विषयवार मांडणी केली. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या मदतीनं त्यांतल्या कितीतरी ध्वनिमुद्रित झाल्या. २०१७ पासून 'पारी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावर त्या गाणाऱ्या बाईच्या नावागावासह वाचायला आणि ऐकायला मिळतात. मी पहिल्यांदा तो पसारा पाहिला तेव्हा छाती दडपली होती. माझ्या वाट्याला आलेल्या जेमतेम सहाशे ओव्यांची मीही तशीच मांडणी केली. माहेर, भाऊ, लेक, सासुरवास, सीतेचा वनवास, पंढरीची वाट. प्रत्येक ओवी दोन ओळींत नीट उतरवलेली, खाली गाव, गाणारीचं नाव, तारीख.

पण वहीच्या मागच्या पानांवर दुसरंच काही साठत होतं. ओवी मध्येच तुटते, कारण जात्यातली वैरण, म्हणजे दळायला टाकलेले दाणे, संपलेली असते. बाई सुपातली मूठभर नाचणी जात्याच्या तोंडात टाकते आणि पुढच्या फेऱ्यात तोच शब्द परत उचलते. गाताना ओवी दोन ओळींची नसतेच. अर्धी ओळ दोनदा येते, मध्ये 'बाई' येतं, 'गं' येतो, आधीच्या ओवीचं शेपूट पुढच्या ओवीच्या डोक्याशी येतं. खुंट्याला दोघी असल्या तर एक ओळ हिची, दुसरी तिची, आणि ओळ कुणी घ्यायची ते खुंटा ओढण्यावर ठरतं. हे सगळं मी लिहून काढताना साफ करत होते, कारण 'संहिता' म्हणून जे मांडायचं त्यात खोकला आणि खंड कसे ठेवायचे?

एका दुपारचं सांगते. एका आजींच्या ओसरीवर बसले होते. गावात विजेची गिरणी येऊन तीस-पस्तीस वर्षं झालेली, जातं अंगणात पालथं पडलेलं. ओव्या म्हणा म्हटल्यावर आजी म्हणाल्या, "आता काय ध्यानात न्हाई गं बाय." बराच वेळ इकडच्यातिकडच्या गप्पा झाल्या. बोलता बोलता त्यांनी मूठ जमिनीला टेकवली आणि सारवलेल्या भुईवर गोल फिरवायला लागल्या, काही न ठरवता. तिसऱ्या-चौथ्या फेऱ्याला शब्द आले. मग थांबेचनात. एकवीस ओव्या झाल्या त्या दुपारी. मूठ थांबली की ओवी थांबायची.

मार्गदर्शकांना मी हे फार उत्साहानं सांगितलं. त्यांनी विचारलं, "निरीक्षण सुरेख आहे, पण एका बाईच्या एका दुपारीवरून तुम्ही म्हणणार काय?" बरोबर होतं त्यांचं. प्रबंधाला जे लागतं ते त्या दुपारीत नव्हतं. ती दुपार तळटीपेत गेली, अडीच ओळींत. मी मात्र तिच्यातून बाहेर आले नाही. प्रबंध म्हणजे चाळणी आहे आणि ती बारीकच हवी, नाहीतर पिठात खडे येतील. माझी चूक एवढीच झाली होती की चाळणीत उरलेला कोंडा मी टाकून द्यायची तयारी करत होते. आपल्या आयाबायांनी कोंड्याचा मांडा करून दाखवलाय. त्या तळटीपेचं काय करायचं हा प्रश्न घेऊन मी प्रेसवरची चादर काढली.

आता प्रत्यक्ष काम कसं झालं ते जरा सविस्तर सांगते, कारण 'संशोधन आणि कला यांचा संगम' असल्या शब्दांनी कुणाचंच काही होत नाही.

शिलालेखांचे अभ्यासक ठसे घेतात. दगड ब्रशनं घासून धुतात, त्यावर ओला कागद पसरतात आणि दाट केसांच्या ब्रशनं ठोकत ठोकत तो अक्षरांच्या खाचांत बसवतात. कागद अर्धवट वाळला की कापडी बोंडानं शाई टिपतात. दगडाचा पृष्ठभाग काळा उठतो, खोदलेलं अक्षर पांढरं राहतं. ही पद्धत मी प्रबंधाच्या काळात एका शिलालेख-अभ्यासकाकडून सहज कुतूहल म्हणून शिकले होते. एके दिवशी डोक्यात आलं की जात्यालाही टाकी लावलेली असते. दळून दळून गुळगुळीत झालेल्या तळीला छिन्नीनं पुन्हा खरखरीत करायचं, ते काम करणाऱ्या बायका दारोदार हाक देत फिरायच्या. म्हणजे ती तळी लिहिलेलीच आहे. कोणी वाचत नाही इतकंच.

पहिले बारा-पंधरा ठसे वाया गेले. जाड हातकागद घेतला होता, तो खाचांत उतरेना. पातळ घेतला तर काळ्या दगडाच्या भोकांवर फाटायचा. शेवटी खळ कमी असलेला, पातळ पण चिवट कागद लागला. शाई किती वाळल्यावर टिपायची हे हातानंच शिकावं लागलं. पावसाळ्यात तासभर थांबावं लागतं, एप्रिलमध्ये दहा मिनिटंही मिळत नाहीत. ज्यांच्याकडून ओव्या घेतल्या होत्या त्यांच्याच दारातली जाती मी शोधत गेले. कुठे पायरीला बसवलेलं, कुठे धुणं धुवायच्या दगडाशेजारी, एका ठिकाणी तुळशीच्या बुडाशी. आठ जात्यांच्या खालच्या तळ्यांचे पुरे ठसे मिळाले.

ते आठ कागद भिंतीवर ओळीनं लावल्यावर मला जे दिसलं ते तीन वर्षांच्या मुलाखतींत दिसलं नव्हतं. आठांपैकी पाच तळ्यांवर टाकीचे घाव एका बाजूला जास्त पुसलेले होते. वरची तळी फिरते, खालची स्थिर असते. ओढणारीचा जोर फेऱ्यात सगळीकडे सारखा नसतो, मग झीजही सारखी कशी असेल? म्हणजे बाई कुठल्या अंगाला बसत होती ते बहुधा दगडात उतरलंय. मी ते ठसे घेऊन परत गावांत गेले आणि आज्यांना विचारलं, तुम्ही कुठं बसायचात? चौघींनी कागद फिरवून बोट ठेवलं. दोघींचं बोट पुसलेल्या बाजूला पडलं, दोघींचं नाही. यातून सिद्ध काही होत नाही आणि लेखात मी तेवढंच लिहिलं: असं दिसलं, असं विचारलं, असं उत्तर आलं. पण हा प्रश्न मला प्रबंधानं दिला नव्हता, हाताच्या कामानं दिला. आणि तो विचारायला परत जायचं कसं, काय नोंदवायचं, किती दावा करायचा हे प्रबंधानं शिकवलं होतं. दोन्ही बाजूंची अशी देवघेव सुरू झाली की हात सुकत नाही. ती होत नसेल तर चित्र प्रबंधाचं मुखपृष्ठ होतं, किंवा प्रबंध चित्राखालची पाटी होतो. दोन्ही गोष्टी मी करून बसलेली आहे.

विद्यापीठाच्या कागदपत्रांत तुम्हाला यासाठी एक वर्गीकरण भेटेल. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये ख्रिस्तोफर फ्रेलिंग यांनी १९९३ साली ते मांडलं: कलेविषयीचं संशोधन, कलेमार्फत होणारं संशोधन आणि कलेसाठीचं संशोधन. अर्ज भरताना ते कामाला येतं, कारण 'तुमची पद्धत कोणती' या रकान्यात काहीतरी लिहावंच लागतं. काम करताना मला त्याचा फारसा उपयोग झालेला नाही. एकाच आठवड्यात मी तिन्ही करत असते.

मला बळ मिळालं ते आपल्याकडच्या उदाहरणांतून. अजिंठ्याचं बघा. १८७२ पासून १८८५ पर्यंत जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे विद्यार्थी लेण्यांतल्या भित्तिचित्रांच्या प्रती करत होते. त्याआधी रॉबर्ट गिल यांनी वर्षानुवर्षं खपून केलेल्या बहुतेक प्रती १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या होत्या, म्हणून हे काम नव्यानं काढलं. आणि या नव्या प्रतींपैकीही कितीतरी १८८५ मध्ये लंडनच्याच दुसऱ्या आगीत जळाल्या. जे वाचलं त्यातून १८९६-९७ मध्ये दोन खंड निघाले. त्या विद्यार्थ्यांनी जे केलं त्याला त्या वेळी कुणी संशोधन म्हटलं नसेल. पण अंधाऱ्या लेण्यात बसून, भिंतीवरचा एक हात ओढायला आठवडा घालवल्यावर त्या हाताची रेघ कुठून निघते, कुठे दाब वाढतो, कुठे दुसऱ्या रंगाखाली दडते हे जेवढं कळतं तेवढं पाहून कळत नाही. पेस्तनजी बोमनजींसारख्या काही जणांची नावं आपल्याला ठाऊक आहेत, पण या कामाशी आज पहिलं नाव जोडलं जातं ते ग्रिफिथ्स यांचंच. हे मी मुद्दाम सांगतेय. नावांकडे परत येते.

दुसरं उदाहरण द. ग. गोडसे यांचं. नेपथ्यकार, चित्रकार, इतिहास आणि कलेचे संशोधक, सगळं एकाच माणसात. विणकराच्या तोंडचा 'पोत' हा शब्द त्यांनी कलेच्या विचारासाठी वापरला. तुम्ही मागाच्या घरातले आहात, म्हणून हे तुमच्या कामाचं. मला गोडशांकडे पाहून नेहमी एक गोष्ट जाणवते. इतिहासकाराला 'याविषयी पुरावा नाही' असं लिहून पुढे जाता येतं. नेपथ्यकाराला जाता येत नाही, कारण सात वाजता पडदा उघडणार आणि पात्र कुठल्यातरी दारातून आत येणार. दार किती उंच, चौकट लाकडी की दगडी, हे ठरवावंच लागतं. कलाकाराला पोकळी भरावी लागते. अशोक दा. रानडे यांनी संगीताच्या बाबतीत हेच वेगळ्या तऱ्हेनं केलं. ते संगीतशास्त्राचे अभ्यासक आणि गाणारेही. 'देवगाणी', 'बैठकीची लावणी' यांसारख्या कार्यक्रमांत त्यांनी अभ्यासाची मांडणी मंचावर आणली. तिथे विवेचन गाण्याला टेकून उभं राहायचं आणि गाणं विवेचनाला. असं काम आपल्या भाषेत, आपल्या श्रोत्यांसमोर होऊन गेलंय.

पोकळी भरायची म्हणजे कल्पना आली. तिथेच बहुतेकांचा पाय घसरतो, माझाही घसरला. मुठीच्या त्या दुपारीवर मी ध्वनीचं काम केलं. जात्याची घरघर, मध्ये तुटणाऱ्या ओव्या, वैरणीची सरसर. काही ओव्यांचा अर्धाच भाग माझ्याकडे होता. उरलेला मी त्याच भागातल्या दुसऱ्या बाईच्या आवाजातून जोडला. ऐकायला अखंड झालं. लोकांना आवडलं. एका अभ्यासक मैत्रिणीनं शांतपणे विचारलं, "यातला सांधा कुठाय?" मला लाज वाटली, कारण सांधा ऐकू येऊ नये म्हणूनच मी दोन आठवडे खपले होते.

याचा मार्ग मला भांडारकर संस्थेत मिळाला, महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत. ते काम १९१९ मध्ये सुरू झालं आणि १९६६ मध्ये पुरं झालं. बाराशेहून अधिक हस्तलिखितं त्यासाठी विचारात घेतली गेली. पानावर वर संहिता, खाली पाठभेद. पण मला खिळवून ठेवलं ते एका बारीक गोष्टीनं. विष्णु सीताराम सुकथनकरांनी घालून दिलेल्या पद्धतीत, जो पाठ संपादकाला पुरता खात्रीचा वाटत नाही त्याच्याखाली नागमोडी रेघ असते. संपादक वाचकाला सांगतो की हा शब्द मी निवडलाय, पण इथं माझा पाय डळमळीत आहे. इतकी वर्षं खपून केलेल्या कामात एवढा प्रामाणिकपणा छापून ठेवलाय. ती रेघ मला कुठल्याही चित्रातल्या रेघेइतकी सुंदर वाटते.

तेव्हापासून माझ्या प्रत्येक कामात नागमोडी रेघेची काहीतरी सोय असते. ध्वनीच्या कामात जोडलेला भाग आता एकाच कानात वाजतो. ठशांत जिथे कागद फाटला आणि मी हातानं घाव पुरे केले, तिथे शाई काळीऐवजी गेरूची आहे. पाहणाऱ्याला आधी ते सौंदर्याचा भाग वाटतं, मग पाटी वाचल्यावर कळतं. यानं काम दुबळं होईल अशी मला भीती होती. उलट झालं. लोक सांध्यापाशी थांबतात. तुम्ही रंगवणारे आहात, तुम्हाला तुमची रेघ शोधावी लागेल. पण ती पहिल्या दिवसापासून शोधा, काम संपल्यावर ती घालता येत नाही.

आता नावांकडे. माझ्या पहिल्या प्रदर्शनाला मी तिघी आज्यांना एसटीनं पुण्याला आणलं. दालन पांढरंशुभ्र, ओव्या सुंदर अक्षरांत भिंतीवर. एक आजी वाचता येणाऱ्या नातीला घेऊन आल्या होत्या. नातीनं वाचून दाखवल्यावर म्हणाल्या, "ही माझी हाय. हितं हिच्या नावावर का घातलीया?" दोन कार्डांची अदलाबदल झाली होती, माझ्या हातून. त्यांनी ते हसून सोडून दिलं असतं तर बरं वाटलं असतं, पण त्या हसल्या नाहीत आणि त्यांचं बरोबर होतं. दुसऱ्या आजी जरा वेळानं मला बाजूला घेऊन म्हणाल्या की अमुक ओवी काढ. ती वारलेल्या भावाची होती. तुला सांगितली ती तुला सांगितली, असं येणाऱ्याजाणाऱ्यापुढं लावायला नाही. माझ्या फायलीत त्यांचा अंगठा होता, संमतिपत्रावर. विद्यापीठाच्या दृष्टीनं सगळं चोख. तो कागद त्या क्षणी मला अगदी निरुपयोगी वाटला. ओवी त्याच संध्याकाळी उतरवली.

म्हणून दोन नियम पाळते आणि तुम्हीही पाळावेत असं मनापासून वाटतं. अभ्यासासाठी घेतलेली परवानगी प्रदर्शनासाठी चालत नाही, ती वेगळी, दुसऱ्यांदा, काम दाखवून मागायची. नाही म्हणायला त्यांना वेळ द्यायचा, त्याच भेटीत उत्तर घ्यायचं नाही. आणि काम शहरात लागण्याआधी ते जिथून आलं तिथं लागलं पाहिजे. देवळाचा मंडप, शाळेचा वर्ग, तालमीची खोली, काहीही चालतं. चुका तिथं सापडतात. ध्वनिमुद्रणात गाणारीला कलावंत म्हणून कायद्यानं हक्क आहे, कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर नावाचा हक्कही स्पष्ट झालाय. पण कायद्याची वाट बघत बसू नका. काम विकलं गेलं तर त्यांचा वाटा आधीच ठरवलेला असू द्या, आणि तो रोख नेऊन द्या.

पीएच.डी.विषयी थोडक्यात. कलाकृतीलाच प्रबंधाचा भाग मानणारे अभ्यासक्रम आपल्याकडे अजून मोजके आहेत. बहुतेक ठिकाणी लेखी प्रबंधावरच पदवी मिळते आणि चित्रं परिशिष्टात जातात. तेव्हा प्रवेश घेण्याआधी विद्यापीठापेक्षा मार्गदर्शक बघा. त्यांना तुमची चित्रं प्रत्यक्ष दाखवा. ती पाहून त्यांनी एक तरी प्रश्न विचारला, तर पुढे बोला. नुसतंच 'छान' म्हणाले तर दुसरं दार ठोठावा. नेट या पात्रता परीक्षेतून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती (जेआरएफ) मिळाली तर २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये मिळतात. घरचा दबाव कमी करायला ही रक्कम फार मोठी मदत आहे, ती मिळवायचा प्रयत्न जरूर करा. पीएच.डी. न करताही संशोधन होतं. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची कनिष्ठ अभ्यासवृत्ती दोन वर्षांची आणि महिना १०,००० रुपयांची आहे. बेंगळुरूची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स ही संस्था कलासंशोधनाला आणि कलानिर्मितीलाही अनुदान देते. अर्ज मराठीतही करता येतो का ते त्यांना विचारा. आपल्या भाषेत लिहिलेला अर्ज अधिक खरा असतो, निदान पहिला खर्डा तरी मराठीतच करा.

वेळेचं गणित मी खूप उशिरा शिकले. सकाळी हाताचं काम, दुपारनंतर वाचन-लेखन. उलट केलं की दिवस वाक्यं दुरुस्त करण्यात जातो आणि हात उपाशी राहतो. प्रबंध अंगावर आलेला असला तरी रोज तासभर हात चालला पाहिजे, भले एकाच खिळ्याचं रेखाटन का असेना. वह्या दोन ठेवा. पहिलीत तारीख, जागा, कोण काय म्हणालं ते त्यांच्याच शब्दांत, आणि तुमचं मत अजिबात नाही. दुसरीत जे पहिलीत बसत नाही ते सगळं. वास, राग, स्वप्न, चुकलेला प्रश्न, कागदावर पडलेला चहाचा डाग. पहिली वही तुम्हाला परीक्षकांपुढे वाचवेल. दुसरी दर तीन महिन्यांनी उघडून बघा. जी गोष्ट तीनदा आलेली दिसेल, तिथं काम आहे.

आता तुमच्या मागांकडे. इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला, इथपासून तुमचं वाचन सुरू होईल आणि लगेच आकडेवारीत बुडेल. किती माग, किती कामगार, सुताचा दर, विजेचा दर. ते वाचा, ते लागतंच. पण चित्र त्यात शोधत बसू नका. तुमच्या पत्रात एक वाक्य होतं, जाता जाता लिहिलेलं: वडील शेडच्या दारात उभे राहून ऐकतात आणि कुठला माग बिघडणार ते सांगतात.

थांबा तिथेच. शेडमध्ये पन्नास माग एका वेळी खडखडत असताना एका मागाचा बदललेला ठेका कानाला लागतो, हे ज्ञान कुठल्या पुस्तकात आहे? धोट्याचे, म्हणजे आडवं सूत इकडून तिकडे नेणाऱ्या धोट्यावर चालणारे, माग जाऊन बिनधोट्याचे येताहेत. त्यांचा आवाज वेगळा, म्हणजे तो कानही काही वर्षांत कामाचा राहणार नाही. हा प्रश्न नुसत्या प्रबंधात मावत नाही, कारण ऐकण्याचं वर्णन करून ऐकणं कळत नाही. नुसत्या चित्रातही मावत नाही, कारण वडील नेमकं काय ऐकतात हे तुम्हाला धीरानं, पुन्हा पुन्हा विचारावं लागेल, तपासावं लागेल, दुसऱ्या जॉबरकडे जाऊन ताडून बघावं लागेल. धोटा ठोकरतो तेव्हा काय, पट्टा सैल झाला की काय, कांडी संपत आली की काय. त्यांचे स्वतःचे शब्द असतील यासाठी, घरातलेच म्हणून तुमच्या लक्षात न आलेले. ते शब्द जमवणं हाच तुमच्या संशोधनाचा पहिला भाग असू शकतो.

या महिन्यात एवढं करा. एका मागाचं एक पूर्ण पाळीभर ध्वनिमुद्रण करा, बारा तास, वीज गेल्यावरच्या शांततेसकट. ती शांतता कापू नका. मग सुट्टीच्या दिवशी वडिलांना बसवून ते ऐकवा. समोर मोठा कागद आणि हातात कोळसा द्या आणि म्हणा, जिथं काही वेगळं ऐकू येईल तिथं खूण करा. तुम्ही शेजारी बसून तुमच्या कानानं तुमचा वेगळा कागद करा. दोघांच्या खुणा जिथं जुळणार नाहीत, ती जागा मला कळवा.